नातीचे निव्वळ वजन

गेल्या उन्हाळ्यात मुरगूडला एका लग्नाच्या पंगतीत माझ्या मेहुण्याने, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाने, एक हकीकत सांगितली. दाजींनी एका सरकारी दवाखान्याचा वजनकाटा पंचवीस किलो लोखंड टाकून मोडला आणि तिथल्या सिस्टरने त्यांना दंडाला धरून बाहेर काढले, अशी ती हकीकत. पंगत हसली. मी समोरच्याच ओळीत होतो, परंतु तोंडात जिलेबी असल्यामुळे तत्काळ खंडन करता आले नाही, आणि जिलेबी संपेपर्यंत बोलणे उसाच्या दरावर गेले होते. तेव्हा जे झाले ते आता लिहूनच ठेवावे, असे मी ठरवले. काटा मोडला नाही. मला दंडाला कोणीही धरले नाही. मी माझ्या पायांनी बाहेर आलो, आणि येताना वजनेही बरोबर आणली.

दवाखाना कशाचा, हे मेहुण्याने पंगतीत सांगितले नव्हते; एवढे शहाणपण त्याच्यात आहे. मी ते सांगणार आहे, कारण त्यावाचून बाकीचे समजणार नाही. नातीला विचारूनच लिहितो आहे. तिने नाव न घालण्याची अट घातली, ती मान्य केली, आणि मग त्याच न्यायाने कोणाचेच नाव घातले नाही.

मी कोल्हापूरच्या गूळ बाजारात छत्तीस वर्षे तोलाईदार होतो. शेतकऱ्याचा गूळ अडत्याच्या दुकानात उतरला की तो तोलून मोठ्याने वजन पुकारायचे, हे माझे काम. पुकारलेला आकडा शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला मान्य करावा लागे आणि दोघेही मला शिव्या देत. तोलाईदार निष्पक्ष असल्याची याहून खात्रीची खूण नाही. गूळ गोणपाटात येतो. त्या गोणपाटाचे, ओलीचे आणि तळाच्या चुऱ्याचे वजन वजा करून उरते ते निव्वळ. या वजावटीला बाजारात कडता म्हणतात. कडत्यावरून माझ्यासमोर डोकी फुटली आहेत. पुढे ही प्रथा बंद करण्यात आली, ते योग्यच झाले. परंतु हाताची सवय हुकमाने बंद होत नाही.

नात तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे आईवडील, म्हणजे माझा मुलगा आणि सून, ती दीड वर्षाची असताना चार महिन्यांच्या अंतराने गेले. त्यांना जो आजार होता तो तिला जन्मतःच आला होता. एचआयव्ही हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. ‘तिच्या गोळ्या’ एवढेच म्हणण्याची रीत होती. गोळ्या रोज ठरल्या वेळी घेतल्या तर असे मूल शाळेत जाते, मोठे होते, म्हातारेसुद्धा होते, असे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले होते. मी तो करार समजून पाळला. साडेसात वर्षांत एक वेळ चुकली नाही. कागलजवळ बस बंद पडली तेव्हा हमरस्त्याच्या पुलाखाली, रसवंतीवाल्याकडून मागून घेतलेल्या पेल्यात मी त्या विरघळवल्या आहेत, आणि पेला त्याला धुऊन परत दिला आहे.

लहान मुलांना हे औषध वजनावर देतात. मूल वाढले की औषध वाढते. मोठ्या रुग्णालयात काट्यापुढे वेगळी रांग आणि डॉक्टरांपुढे वेगळी रांग असे. नातीची शाळा बुडे, म्हणून मी घरीच वजन करून वहीत लिहून नेऊ लागलो. परसातल्या आंब्याच्या फांदीला माझा तराजू टांगलेला आहे. एका पारड्यात नात, दुसऱ्यात सरकारी शिक्क्याची लोखंडी वजने. डॉक्टरांनी ती वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा चष्मा काढून पुसला. ‘‘असे पालक पाहिजेत,’’ असे म्हणाले आणि वहीतला आकडा आपल्या कागदावर उतरवून घेतला. तेव्हापासून तिथे नातीला काट्यावर कोणी उभे केले नाही. याबद्दल मी डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्या दाराशी शंभर माणसे असत, आणि माझे अक्षर खरोखरच चांगले आहे.

नंतर व्यवस्था बदलली. ज्या मुलांची प्रकृती स्थिर आहे त्यांनी मोठ्या रुग्णालयात यायचे नाही. आपल्या भागातल्या छोट्या दवाखान्यात यायचे, आणि तिथे त्यांना सिस्टरच तपासतील, वजन घेतील, रक्त काढतील, गोळ्यांचे प्रमाण ठरवतील, असे आम्हाला कळवण्यात आले. दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर होता. पत्नीला आनंद झाला. मला अपमान वाटला. माझी नात काय कमी दर्जाची रुग्ण होती?

सिस्टर तिशीची होती. टेबलावर एक फूलसुद्धा नव्हते, पण कागद सगळे काटकोनात लावलेले होते, हे मी नोंदवून ठेवले. मी वही पुढे केली. तिने ती उघडली नाही.

‘‘आबा, वही ठेवा बाजूला. पोरीला काट्यावर उभी करा.’’

‘‘वहीत लिवलंय की सगळं.’’

‘‘वही गिळायची न्हाय हिला. गोळी गिळायची हाय.’’

नात हसली. ती घरभेदी आहे. चपला काढून ती काट्यावर चढली आणि आकडा आला पंचवीस किलो चारशे. माझ्या वहीत त्याच आठवड्यात चोवीस चारशे होते.

‘‘एक किलो जास्त दावतोय तुमचा काटा,’’ मी म्हणालो.

सिस्टरने जुने कागद चाळले आणि मग आवाज खाली आणून सांगितले, ‘‘पंचवीसच्या वर गेलं की छोट्या गोळ्या बंद, मोठी सुरू. आणि हे बघा. मागच्या तपासणीत हिच्या रक्तात विषाणू परत दिसायला लागलाय. थोडाच हाय, पर आधी दिसत नव्हता. गोळी चुकली का कधी?’’

‘‘एक वेळ न्हाय.’’

‘‘मग औषध कमी पडत असंल. कमी औषधात विषाणू मरत न्हाय आबा, औषधाला सरावतोय. एकदा सरावला की पुढं हीच गोळी लागू पडंल का, सांगता येत न्हाय.’’

हे ऐकून माझे पाय गार पडले. परंतु पाय गार पडले म्हणून माणसाने तत्त्व सोडायचे नसते. मी विचारले, ‘‘डॉक्टर कुठं हायत?’’

‘‘महिन्यातनं एकदा येत्यात, अवघड पोरांना बघायला. तुमची नात अवघड न्हाय.’’ एवढे बोलून तिने माझ्याकडे पाहिले आणि वाक्याचा उरलेला भाग गिळला.

‘‘सिस्टरनं गोळी बदलायची, मग डॉक्टरनं काय पंखा बदलायचा?’’ खोलीतला पंखा बंद होता.

‘‘पंख्याचा अर्ज दिलाय,’’ ती म्हणाली. ‘‘गोळीचं शिक्षण मला दिलंय, परीक्षा घेतलीय, सहीचा अधिकार दिलाय. हुकूम भिंतीवर हाय. वाचा निवांत.’’

मी हुकूम दोनदा वाचला. भाषा वाईट होती, परंतु अर्थ निर्विवाद होता. अधिकारावर वाद घालायला जागा उरली नाही, तेव्हा मी काट्यावर वाद घातला. ज्या काट्याला शिक्का दिसत नाही त्यावर माझ्या नातीचे औषध ठरणार नाही, असे स्पष्ट सांगितले. घरात बारा दिवस पुरतील एवढ्या जुन्या गोळ्या होत्या. सिस्टर म्हणाली, ‘‘बारा दिवस थांबू नका. आठ दिवसांच्या आत या, न्हायतर मी घरी येणार.’’ ही धमकी होती असे मेहुणा म्हणतो. मेहुणा त्या दिवशी तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र होता. दहा किलोची दोन आणि पाच किलोचे एक अशी शिक्क्याची वजने घेऊन मी रिक्षाने दवाखान्यात गेलो, आणि ती उचलायला मेहुण्याला नेले. ही या प्रकरणातली माझी पहिली चूक. बाकावर सहा-सात माणसे बसली होती. मी त्यांना उद्देशून म्हणालो की हा काटा तपासणे तुमच्याही हिताचे आहे. एक म्हातारी म्हणाली, ‘‘पावणं, मला खोकला हाय, माझं काय काट्यावर ठरत न्हाय.’’ मी वजने एकावर एक अलगद ठेवली. टाकली नाहीत, छत्तीस वर्षांत मी वजन टाकलेले नाही. काटा थरथरला आणि चोवीस किलो नऊशेवर थांबला.

‘‘शंभर ग्रॅमनं खोटा,’’ मी जाहीर केले.

सिस्टर खाली वाकून आकडा पाहत होती. ‘‘व्हय की,’’ ती म्हणाली. ‘‘बरं केलं आबा, कळवते वर.’’ मग सरळ उभी राहून म्हणाली, ‘‘म्हंजे पोरगी पंचवीस पाचशे झाली.’’

बाकावरची म्हातारी खोकला विसरून हसली. काटा कमी दाखवत होता, जास्त नव्हे, हे माझ्याही त्याच क्षणी ध्यानात आले होते. परंतु ते उच्चारण्याची तिला जी घाई झाली ती मला आवडली नाही. मी वजने उचलायला सांगितले. मेहुण्याने पाच किलोचे वजन काढताना पायावर पाडून घेतले आणि तो ओरडला. मोडण्याचा जो आवाज तो पंगतीत सांगतो, तो त्याच्या नखाचा असावा.

आता नवसाकडे यावे लागते. नात अशक्त होती तेव्हा पत्नीने नृसिंहवाडीच्या देवाला बोलून ठेवले होते की पोरगी पंचवीस किलोची होऊ दे, तुझ्या दारात तिची गुळाची तुला करीन. दवाखान्याचा आकडा नातीने घरी जाऊन पहिल्यांदा सांगितला असेल तर तो आजीला. पत्नी पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

‘‘गुरुवारी वाडीला जायचं. नवस फेडायचा.’’

‘‘अजून फिटायची वेळ आली न्हाय,’’ मी म्हणालो. ‘‘निव्वळ चोवीस चारशे हाय.’’

‘‘निव्वळ म्हंजे?’’

मी वही दाखवली. शाळेचे कपडे तीनशे, केसांचे तेल व रिबिनी पन्नास, सकाळची भाकरी, भाजी आणि दूध मिळून सहाशे पन्नास. एकूण कडता एक किलो. दर महिन्याला तेवढाच, नियमाने.

पत्नीने वही वाचली नाही; तिला वाचता येते, पण माझे वाचत नाही. ‘‘देवाला कडता लावताय व्हय?’’ असे विचारून ती आत गेली, आणि हा प्रश्न विचारून झाल्यावर आमच्या घरात चर्चा उरत नाही.

गुरुवारी आम्ही वाडीला गेलो. तराजू माझाच नेला, कारण दुसऱ्याच्या तराजूवर माझ्या घरची तुला होणार नाही, हे मी बजावले होते. तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला तो टांगला, नात एका पारड्यात मांडी घालून बसली, आणि दुसऱ्या पारड्यात मी पाच किलोचे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, एकेक करून ठेवू लागलो. पाचवा ठेवला तरी नातीचे पारडे जमिनीवरून हलले नाही. ‘‘आबा, मी जड हाय,’’ ती म्हणाली. मी अर्धा किलोची ढेप ठेवली. दांडी हलली, सरळ झाली, आणि काटा बरोबर मध्ये येऊन उभा राहिला.

त्या क्षणी मी काय केले ते मी ठरवून केले नाही. दांडी सरळ झाली की तोलाईदाराचा गळा आपोआप उघडतो. मी बाजारात पुकारत असे तसे, मान वर करून, लांब सुरात पुकारले, ‘‘पंचवीस पाचशे!’’ घाटावरची माणसे वळून पाहू लागली. एका दुकानदाराने विचारले की गूळ विकायचा आहे काय.

माझ्या आवाजात त्या वेळी कंप होता आणि डोळ्यांत पाणी होते, असे पत्नी नातेवाइकांना सांगते. घाटावर वारा होता, हे ती सांगत नाही. परंतु एक गोष्ट मी मान्य करतो. पुकारलेला आकडा मी आयुष्यात मागे घेतलेला नाही. शेतकरी पाया पडला तरी घेतला नाही, व्यापाऱ्याने दम दिला तरी घेतला नाही. आणि आता तो माझ्याच तोंडून, देवाच्या दारात, कडता न कापता बाहेर पडला होता. दवाखान्याच्या काट्याचे पंचवीस चारशे आणि त्याच्या खोटेपणाचे शंभर यांची बेरीजही तेवढीच भरत होती. परतीच्या बसमध्ये नात माझ्या खांद्यावर झोपली. मी वही उघडून मागची पाने पाहत गेलो. कडता न कापता वाचले तर पोरीने पंचवीसची पायरी सहा महिन्यांपूर्वीच ओलांडली होती. सहा महिने तिला जे औषध कमी पडले ते माझ्या सुंदर अक्षरामुळे.

शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वी मी नातीला घेऊन दारात होतो. आठ दिवस झाले नव्हते. सिस्टरच्या धमकीमुळे गेलो असे म्हणणाऱ्यांनी दिवस मोजावेत.

‘‘पंचवीस पाचशे,’’ मी म्हणालो. ‘‘गोळी द्या.’’

‘‘आणि वहीतला किलो कुठं गेलता?’’

मी वही तिच्यापुढे उघडी ठेवली. तिने पान पाहिले, ओळीवरून बोट फिरवत खालच्या वजाबाकीपर्यंत आली, आणि मान वर करून म्हणाली, ‘‘कडता कापताय व्हय आबा?’’

हा शब्द तिला माहीत असावा, याची मला कल्पना नव्हती. तिचे वडील आमच्याच बाजारात हमाल होते, हे तेव्हा कळले. मी तोललेला गूळ ज्या पाठींवरून काट्यापर्यंत आला त्यांपैकी एक पाठ तिच्या वडिलांची होती.

‘‘माझा बाप म्हणायचा, कडता गोणपाटाचा असतोय, गुळाचा न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पोरीनं खाल्लेली भाकरी गोणपाट हाय व्हय? आणि कडत्यात तोटा कुणाचा? ज्याचा माल त्याचा. इथं तोटा कुणाचा? तुमच्याच नातीचा. तुम्ही तिच्याच इरोधात तोलाईदार झाला.’’

छत्तीस वर्षांत असा सडेतोड युक्तिवाद माझ्यासमोर एकाही अडत्याने केला नव्हता. मी खुर्चीवर बसलो. मग तिने, हातातले काम थांबवून, साध्या आवाजात विचारले, ‘‘पर का कापत होता?’’

डॉक्टरांनी हे कधी विचारले नव्हते. विचारायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. मी सांगितले. मुलगा शेवटच्या आजारात रुग्णालयातून घरी आला तेव्हा त्याचे वजन चार किलोने वाढले होते. मीच तोलले होते आणि मीच गल्लीत पुकारले होते. पत्नीने पेढे आणले. ती सूज होती. अंगात पाणी भरले होते. आठवड्याने तो गेला. तेव्हापासून वाढलेल्या वजनावर माझा विश्वास नाही. नातीच्या बाबतीत फसायचे नाही म्हणून मी तिच्या अंगावरचे जे तिचे नाही असे वाटले ते सगळे कापत गेलो.

सिस्टर उठली, नातीला जवळ बोलावले, तिच्या पायाच्या नळीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. ‘‘बघा. खड्डा पडला का? न्हाय. सूज असती तर पडला असता. दर महिन्याला तुम्ही असं दाबून बघा. वजन मी घेते.’’ नात म्हणाली, ‘‘मला गुदगुल्या हुत्यात.’’

मोठी गोळी त्याच दिवशी सुरू झाली. ती पाण्यात विरघळवायची नव्हती, मोठ्या माणसासारखी गिळायची होती, याचा नातीला एवढा अभिमान वाटला की पहिले चार दिवस तिने शेजारच्या मांजराला समोर बसवून ती गिळली. कागदावर सही सिस्टरची होती. मी ती नीट पाहिली. वळणदार होती.

त्यानंतर रक्त पुन्हा तपासायला तीन महिने जावे लागले. त्या काळात मी सिस्टरला अधूनमधून भेटलो. सोळा वेळा, असे ती म्हणते. अकरा वेळा, असे माझे म्हणणे आहे. औषध लागू पडते आहे की विषाणू आधीच सरावला आहे, हे आज सांगता येणार नाही, असे तिने प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगितले. खोटी आशा लावली नाही. तोलाईदाराला ही रीत आवडते. डॉक्टरांनी याच सुमारास नव्या सिस्टरांच्या शिक्षणवर्गात आमचे उदाहरण दिले, आणि या आजोबांनी पहिल्या दिवसापासून पूर्ण सहकार्य केले, असे सांगितले म्हणे. हे सपशेल असत्य आहे. मी सहकार्य केले नाही. मी विरोध केला, पुरावा मागितला, पुरावा मिळाल्यावर मानला. सहकार्य तर कोणीही करील.

अहवाल आला त्या दिवशी आम्ही तिघे गेलो. सिस्टरने लिफाफा फोडला, वाचला, आणि वाचताना तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. तेवढा वेळ मला फार मोठा वाटला. मग तिने कागद माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीवर नख ठेवले.

‘‘दिसत न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘विषाणू तपासणीत दिसत न्हाय. गोळी लागू पडलीय.’’

‘‘म्हंजे गेला?’’ पत्नीने विचारले.

‘‘गेला न्हाय आजी. गप पडलाय. गोळी रोज चालू ठेवायची, म्हंजे गपच राहतोय.’’

‘‘मी पास का?’’ नातीने विचारले.

‘‘पास. चल, चढ काट्यावर.’’

ती चढली. काटा दुरुस्त होऊन आला होता आणि त्यावर शिक्का होता. सव्वीस किलो तीनशे भरले. अंगात शाळेचे कपडे होते, केसांना तेल होते आणि सकाळी तिने दोन भाकरी खाल्ल्या होत्या. सिस्टरने आकडा मोठ्याने वाचला आणि पेन हातात धरून माझ्याकडे पाहिले.

‘‘लिवा,’’ मी म्हणालो.

तिने लिहिले. मेहुणा त्या दिवशी गावाला गेला होता, त्यामुळे एवढ्या भागाबद्दल दुसरी हकीकत अद्याप कोणी सांगत नाही.